२०२६ मध्ये मी कोणत्या गेम्सची वाट बघतेय, आणि एक गेम जो आता येणारच नाही

२१ जानेवारी ही तारीख लक्षात ठेवा. हा किस्सा याच तारखेला सुरू होतो आणि याच तारखेला संपतो.

सप्टेंबर २०२० मध्ये युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एक ट्रेलर टाकला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या गेमचा रिमेक येणार होता. रिमेक म्हणजे जुनी गोष्ट तीच, पण गेम नव्या तंत्राने पहिल्यापासून पुन्हा बांधायचा. आणि तो बांधणार कोण? तर युबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. तोवर आपल्याकडच्या स्टुडिओंकडे मोठ्या गेममधलं सुटं काम यायचं. कुणी झाडं बनवायचं, कुणी कपडे, कुणी बग शोधायचं. इथे मात्र अख्खा गेम, तोही इतक्या मोठ्या नावाचा, पुण्या-मुंबईच्या पोरापोरींच्या हातात होता. त्यात मूळ गेमची सुरुवातच भारतात होते. राजपुत्र बापाच्या सैन्यासोबत एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो, काळ मागे फिरवणारा खंजीर उचलतो आणि पुढे त्याच महाराजाची मुलगी फराह त्याची सोबतीण होते. म्हणजे योग कसा जुळून आला होता बघा.

रिलीजची तारीख ठरली २१ जानेवारी २०२१.

ट्रेलर आला आणि इंटरनेटने तो धुऊन काढला. ग्राफिक्स जुनाट वाटतात, चेहरे मेणाचे वाटतात, हे काय बनवलंय, वगैरे. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये पुणे-मुंबईकडून काम काढून माँट्रियलच्या स्टुडिओकडे दिलं गेलं, ज्यांनी २००३ चा मूळ गेम बनवला होता. पुढे सांगण्यात आलं, २०२६ मध्ये नक्की. आणि मग २१ जानेवारी २०२६ ला, म्हणजे पहिल्या तारखेला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, कंपनीने सांगून टाकलं की गेम रद्द. त्याच्यासोबत आणखी पाच गेम्सही रद्द.

मी त्या दिवशी ऑफिसात होते. कामाच्या ग्रुपवर बातमी आली आणि मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. ज्या गेमची मी कॉलेजपासून वाट बघत होते, तो आता कुणालाच खेळता येणार नाही.

त्यामुळे 'यंदाचे आगामी गेम्स' अशी यादी करायला बसले, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला. ट्रेलर बघून नाचायचं कशाच्या जोरावर? खाली जे गेम्स सांगतेय, ते या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर देणारे आहेत. यादी पूर्ण नाही, समतोल तर अजिबात नाही.

आधी पैशांचं बोलू

एक गैरसमज आधी दूर करते, कारण घरी हा प्रश्न मला तीनदा विचारून झालाय : "अगं, पण सरकारने गेम बंद केले ना?" नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा आला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्ससाठी आहे. रमी, फँटसी टीम, असले प्रकार. कन्सोलवर किंवा पीसीवर विकत घेऊन खेळायच्या गेम्सचा त्या बंदीशी संबंध नाही. उलट ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिलीय.

आता खर्च. मोठ्या कंपनीचा नवा गेम आपल्याकडे साधारण पाच हजारांच्या घरात पडतो. प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास. पीसी बनवायचा विचार असेल तर रॅमचे भाव बघून या, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल सध्या एआयच्या डेटा सेंटर्सकडे चाललाय आणि २०२५ च्या शेवटापासून किमती चढल्या आहेत. थोडक्यात, एका गेमचा उत्साह म्हणजे अनेकांसाठी महिन्याचं मेसचं बिल.

म्हणून प्री-ऑर्डर. प्री-ऑर्डर म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून ठेवायचे. एकेकाळी याला अर्थ होता. दुकानात डिस्क मोजक्या यायच्या, नंबर लावला नाही तर हात हलवत परत यावं लागायचं. आता गेम डाउनलोड होतो. डाउनलोडचा स्टॉक संपत नाही. मग आधी पैसे का भरायचे? तर बोनस म्हणून एखादा जॅकेटचा रंग किंवा सोन्याची बंदूक मिळते म्हणून. मी हे केलंय. पहिल्या नोकरीतल्या पगारातून एका गेमचे पैसे महिनाभर आधी भरले, आणि पहिल्या रात्री तो दर वीस मिनिटांनी बंद पडत होता. नाव घेत नाही, दोघांचीही अब्रू राहू दे.

लक्षात ठेवायला दोन नियम पुरे आहेत. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलं की विषय संपला. म्हणजे कन्सोलवाल्यांनी जास्त जपून. चला, आता गेम्सकडे.

जीटीए ६ : टाळून चालणारच नाही

प्रामाणिकपणे सांगते, मला ही यादी जीटीएशिवाय करायची होती. जमलं नाही.

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा पहिला 'खरा' गेम म्हणजे व्हाइस सिटी. तासाला वीस रुपयांचा सायबर कॅफे, घाम लागलेला माउस, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले चीट कोड. पँझर टाइप केलं की रणगाडा, अ‍ॅस्पिरीन टाइप केलं की तब्येत ठणठणीत, आणि पोलिस मागे लागले की लीव्ह मी अलोन. मिशन कुणी खेळायचं नाही. गोष्ट काय आहे ते इंग्रजीमुळे अर्ध्या जणांना कळायचंही नाही. फक्त शहरात फिरायचं, रेडिओ ऐकायचा, स्कूटर समुद्रात घालायची. तो गेम २००२ चा. रॉकस्टार आता तब्बल २४ वर्षांनी मुख्य मालिकेत पुन्हा त्याच व्हाइस सिटीत नेतोय.

यावेळी शहरासोबत लिओनिडा नावाचं अख्खं राज्य आहे, जे सरळसरळ अमेरिकेतल्या फ्लोरिडावर बेतलंय. लुसिया आणि जेसन ही गुन्हेगार जोडी मुख्य पात्रं. तारीख १९ नोव्हेंबर २०२६, आणि फक्त प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीची घोषणा झालेली नाही. जीटीए ५ चा इतिहास बघता पीसीवाल्यांनी धीर धरलेला बरा. तो कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये.

ही तारीख तिसरी आहे. आधी २०२५ चा शेवट, मग २६ मे २०२६, आणि आता नोव्हेंबर. गेमच्या तारखा इतक्या का हलतात? कारण गेम हा सिनेमासारखा शेवटी जोडून बघता येत नाही. सिनेमात नट दारातून आत येतो, कारण दिग्दर्शकाने सांगितलंय. गेममध्ये तुम्ही दारातून याल, खिडकीतून याल, गाडी घेऊन भिंतीवर आदळाल किंवा तिथे उभे राहून अर्धा तास कबुतरं मोजाल. यातल्या प्रत्येक वेळी गेम तुटला नाही पाहिजे. सगळे भाग तयार झाल्यावर ते एकत्र चालवले की नवीनच भानगडी बाहेर येतात, आणि त्या किती निघतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे शेवटचे सहा महिने हे कायम आठ, दहा, बारा महिने होतात.

यातून सुटायचे मार्ग दोन. तारीख पुढे ढकला, नाहीतर माणसांना रात्रंदिवस राबवा. दुसऱ्याला या धंद्यात क्रंच म्हणतात, आणि रॉकस्टारचं नाव त्यात आधी आलेलं आहे. म्हणून तारीख पुढे गेली की मला राग कमीच येतो. पण चित्र तेवढं गोडही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी कंपनीने ब्रिटन आणि कॅनडातल्या ३० हून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं. युनियनचं म्हणणं, हे संघटना मोडायला केलं. कंपनीचं म्हणणं, त्यांनी गोपनीय माहिती बाहेर दिली. त्यानंतर आठवड्याभरात गेम नोव्हेंबरवर गेल्याची घोषणा झाली. आपल्या फीडवर घोषणेचे मीम्स हजारोंनी आले, काढलेल्या लोकांची बातमी शोधावी लागली.

आपला यात एक धागा आहे. रॉकस्टारचा एक स्टुडिओ बंगळुरूत आहे. १९९७ साली सुरू झालेली ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह ही भारतातली अगदी पहिल्या काही गेम कंपन्यांपैकी एक. २०१९ मध्ये रॉकस्टारने ती विकत घेऊन आपल्यात मिसळली. गेम संपल्यावर नावांची लांबलचक पट्टी येते ना, ती यावेळी स्किप करू नका. ओळखीची आडनावं दिसतील.

आणि लीकचं सांगायचं राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये या गेमचे अर्धवट अवस्थेतले ९० च्या आसपास व्हिडिओ बाहेर आले. फोडणारा एक ब्रिटिश किशोरवयीन मुलगा होता. पोलिसांनी लॅपटॉप जप्त करून त्याला हॉटेलात ठेवलेलं असताना त्याने खोलीतला टीव्ही, टीव्हीला लावायची फायर स्टिक आणि मोबाइल वापरून हे केलं. गेममध्ये असं मिशन असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही दाखवतात.

रेझिडेंट ईव्हिल रिक्वीएम : सर्वांत जवळची तारीख

हा २७ फेब्रुवारीला येतोय, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. जपानच्या कॅपकॉम कंपनीची ही भयकथांची मालिका मार्च १९९६ मध्ये सुरू झाली. यंदा तिला तीस वर्षं होतायत.

रिक्वीएममध्ये ग्रेस अ‍ॅशक्रॉफ्ट नावाची एफबीआयची विश्लेषक आहे. ज्या हॉटेलात तिच्या आईचा खून झाला, त्याच हॉटेलात तिला तपासासाठी पाठवलं जातं. ग्रेस टेबलावर बसून काम करणारी बाई आहे, कमांडो नाही, आणि मला आवडलं ते हेच. दाखवलेल्या भागात ती अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये एक लायटर पेटवून चालते आणि तिचा श्वास ऐकू येतो. बस्स, एवढंच. मला तेवढ्यात उठून दिवा लावावा लागला होता. दुसऱ्या बाजूला मालिकेतला जुना हिरो लिऑन आहे. तो गोळ्या झाडतो, लाथा घालतो. म्हणजे एकाच गेममध्ये घाबरायचं पण आणि बदला घ्यायचा पण.

एक सोय मला फार शहाणपणाची वाटते. गेम पात्राच्या डोळ्यांतून बघायचा की पाठीमागून, हे तुम्ही सेटिंगमध्ये कधीही बदलू शकता. डोळ्यांतून बघताना भीती दुप्पट होते, पाठीमागून बघताना आपण आणि राक्षस यांच्यात निदान ग्रेसची पाठ तरी असते. माझ्यासारख्यांनी लाजू नये, पाठीमागूनच खेळावं.

कॅपकॉमवर विश्वास का? गेल्या काही वर्षांत या मालिकेचे रिमेक आणि नवे भाग त्यांनी सातत्याने नीट उतरवलेत. ट्रेलरपेक्षा मी या गोष्टीला जास्त किंमत देते. एखाद्या स्टुडिओचे आधीचे दोन गेम्स पहिल्या दिवशी कोणत्या अवस्थेत आले, एवढं बघितलं तरी पाच हजारांचा निर्णय अर्धा होतो.

००७ फर्स्ट लाइट : ज्यांनी आपली मुंबई दाखवली होती

जेम्स बाँडचे सिनेमे घरात सगळ्यांनी पाहिलेत, पण बाँडचा मोठा गेम २०१२ नंतर आलेलाच नाही. आता डेन्मार्कचा आयओ इंटरअ‍ॅक्टिव्ह हा स्टुडिओ तो बनवतोय. हा बाँड २६ वर्षांचा आहे. त्याला अजून ००७ हा नंबर मिळालेला नाही, आणि तो चुका करतो. तारीख होती २७ मार्च, ती बरोबर दोन महिन्यांनी पुढे जाऊन २७ मे झाली.

आयओ म्हणजे हिटमॅनवाले. यांच्या २०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबईचं एक अख्खं मिशन आहे, आणि ते मी किती वेळा खेळले असेन याचा हिशोब नाही. चाळी, दाटीवाटीची वस्ती, धोब्यांचं काम, रेल्वे यार्ड, आणि वर एका फिल्म प्रोड्युसरचा टॉवर. परदेशी गेममध्ये भारत म्हणजे बहुतेक वेळा हत्ती, साधू आणि पिवळा फिल्टर असतो. इथेही फिल्टर आहेच, खोटं कशाला बोलू. पण गर्दी खरी वाटते. माणसं एकमेकांशी बोलत असतात, कुणी कामाला वैतागलेलं असतं. तीन जणांना गाठायचं असतं, त्यातला एक वझीर काळे. हो, काळे! आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तो दिसतो कसा हेच तुम्हाला माहीत नसतं. लोकांचं बोलणं ऐकत ऐकत, गर्दीतून त्याला ओळखून काढायचा. शिवाय त्याच शहरात दुसरा एक मारेकरी फिरत असतो, आणि डोकं चालवलं तर तुमचं काम त्याच्याकडून करून घेता येतं.

आयओची ताकद हीच. ते तुम्हाला जागा देतात, माणसं देतात, मग म्हणतात तुझं तू बघ. बाँडला नेमकं हेच लागतं. पार्टीत शिरणं, थापा मारणं, अंगावर आलं तर हाणणं. शंका एकच : दाखवलेल्या भागात गाड्यांचे पाठलाग आणि स्फोट बरेच आहेत, आणि ते ठरलेल्या रुळावरून चालल्यासारखे वाटतात. हिटमॅनचं मोकळेपण किती टिकलंय ते मे मध्ये कळेल. मी पहिल्या आठवड्याचे रिव्ह्यू बघून घेणार आहे.

फँटम ब्लेड झीरो : चीनची तलवार आणि ह्युएन त्संग

हा ९ सप्टेंबरला येतोय. सोल नावाचा मारेकरी, त्याच्यावर खोटा आळ, आणि आयुष्याचे फक्त ६६ दिवस शिल्लक. जुन्या कुंग फू सिनेमांची लढाई, त्यात यंत्रांचा विचित्र मसाला. लढायांचं दिग्दर्शन केंजी तानिगाकी यांचं, ज्यांनी डॉनी येनच्या सिनेमांत काम केलंय. ट्रेलरमध्ये तलवारी आदळतात तेव्हा आपोआप मान मागे जाते.

पण मला या गेमच्या दिग्दर्शकाची गोष्ट गेमइतकीच आवडते. लियांग चीवेई विद्यार्थी होता तेव्हा त्याने 'रेनब्लड' नावाचा छोटासा गेम घरी बसून बनवला होता. त्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर होतं आरपीजी मेकर, ज्यात कोडिंग फारसं न येणाराही गेम बनवू शकतो. तेच जग, तीच माणसं घेऊन तो आज इथवर आलाय.

ही वाट मोकळी केली २०२४ च्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग' ने. तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या. तो गेम ज्या जुन्या चिनी कादंबरीवर आहे, त्यातला भिक्षू म्हणजे आपला शाळेतला ह्युएन त्संग. बौद्ध ग्रंथ आणायला चीनहून भारतात आलेला. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. चीनने त्याच्या प्रवासाची कथा झाली, कथेची कादंबरी झाली, आणि कादंबरीतल्या माकडाचा गेम करून जगभर विकला. प्रवास ज्या देशात झाला, तिथले आपण तो गेम विकत घेऊन खेळलो.

दोन गेम्स, ज्यांच्याबद्दल थोडक्यात

'मार्व्हल्स वुल्व्हरिन' पावसाळा ओसरल्यावर कधीतरी, फक्त प्लेस्टेशन ५ वर. बनवणारे स्पायडर-मॅनवाले इन्सॉम्नियॅक, त्यामुळे काम चोख असणार. डिसेंबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकर्सनी या स्टुडिओचा १.६७ टेराबाइट डेटा फोडला. त्यात गेमचे अर्धवट व्हिडिओ होते आणि कर्मचाऱ्यांची खासगी कागदपत्रंही. तो व्हिडिओ त्या वेळी मलाही फॉरवर्ड झाला होता. मी बघितला नाही, असं म्हणायला आवडलं असतं.

'द विचर ४' २०२६ मध्ये येणार नाही, कंपनीनेच २०२७ च्या आधी नाही असं सांगितलंय. तरी यादीत आहे, कारण यावेळी मुख्य पात्र सिरी आहे. पोलंडच्या ज्या सीडी प्रोजेक्ट रेडने विचर ३ बनवला, त्यांनीच डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' इतक्या कच्च्या अवस्थेत सोडला की सोनीने आठवड्याभरात तो स्टोअरवरून काढून लोकांना पैसे परत दिले. नंतर त्यांनी तीन वर्षं बसून तो दुरुस्त केला आणि आज तो खरंच सुंदर गेम आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कॅलेंडरवर नाव लिहा, कार्ड खिशात ठेवा.

आणि पुण्याचा राजी

आता तुम्ही म्हणाल, एवढं पुणं पुणं करून शेवटी परदेशीच गेम्स. थांबा.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे. २०१७ मध्ये त्यांनी 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' साठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेला आकडा गाठला नाही, म्हणजे नियमाप्रमाणे हातात काहीच आलं नाही. तेव्हा संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. गेम २०२० मध्ये आला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिच्या लहान भावाला असुर पळवतात, ती त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे जाते. मधली गोष्ट कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखी उलगडते, आणि सांगणारे दोघं कोण? तर विष्णू आणि दुर्गा, मधूनमधून एकमेकांशी वाद घालत. त्या वर्षी जगातल्या मोठ्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात या गेमला नामांकन होतं.

कौतुक झालं तशी तक्रारही झाली, आणि ती माझीही होती : गेम लहान आहे आणि शेवट असा येतो की जणू कुणी मधेच वीज घालवली. आता त्याचा पुढचा भाग जाहीर झालाय, 'राजी : कलियुग'. मला त्या अर्धवट शेवटाचं उत्तर हवंय. शिवाय राजी भिंतीवरून धावते, खांबाला लटकून उडी घेते, तेव्हा बनवणाऱ्यांचं लहानपण कोणता गेम खेळण्यात गेलं हे लगेच कळतं. प्रिन्स ऑफ पर्शिया.

त्याच्याबरोबर 'मुक्ती' वरही लक्ष ठेवा. अंडरडॉग्ज नावाच्या भारतीय स्टुडिओचा हा गेम सोनीच्या इंडिया हिरो प्रोजेक्टमध्ये निवडला गेलाय. एका संग्रहालयात फिरत फिरत गोष्ट शोधायची, आणि विषय आहे मानवी तस्करी. मारामारीशिवायचा गेम आपल्याकडे कोण घेणार, असं मला दोन मित्रांनी ऐकवलंय. बघू. अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश यांची नावं जोडलेला 'द एज ऑफ भारत' सुद्धा जाहीर झालाय. तिथे मात्र मी हात राखून आहे. मोठी नावं बघून झाली, आता कुणीतरी प्रत्यक्ष खेळून दाखवू दे.

एक साधं काम सांगते, पैसे लागत नाहीत. छोट्या स्टुडिओचा गेम स्टीमवर दिसला की विशलिस्टचं बटण दाबा. प्री-ऑर्डर नाही, नुसती विशलिस्ट. किती लोकांनी ते बटण दाबलंय, यावरून प्रकाशक त्या गेममध्ये पैसा घालायचा की नाही ठरवतात, आणि गेम आला की तुम्हाला मेलही येतो. जीटीएला तुमच्या एका क्लिकने काही फरक पडत नाही. पुण्यातल्या त्या दहा-वीस जणांच्या टीमला पडतो.

पहिला राजी अधूनमधून सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. पाच-सहा तासांचा आहे, एका शनिवार-रविवारात संपेल. पीसीवर खेळणार असाल तर कंट्रोलर जोडा, कीबोर्डवर बोटांची वाट लागते.